किंग क्रिम्सन: नव्या श्रोत्याने कुठून सुरुवात करावी

किंग क्रिम्सन हा इंग्लिश रॉक बँड आवडतो असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठलं किंग क्रिम्सन? १९६९चं, १९७४चं, १९८१चं की २०१४नंतरचं? नाव तेच असलं तरी ही चारही माणसं बहुधा चार वेगवेगळ्या संगीताबद्दल बोलत असतात. नव्या श्रोत्याची अडचण इथेच होते. तो पहिला अल्बम ऐकतो, खूश होतो, मग वर्षाच्या क्रमाने पुढे जातो आणि तिसऱ्या-चौथ्या अल्बमपाशी येऊन थांबतो. त्याला वाटतं की बँड बिघडला. प्रत्यक्षात बँडच बदललेला असतो.

म्हणून खालचा क्रम वर्षांचा नाही. तो माझा आहे, आणि प्रत्येक ठिकाणी तसा का, ते सांगितलं आहे. घाई करू नका. एका पायरीवर आठवडा-दोन आठवडे गेले तरी चालेल.

पायरी १: आधी नकाशा डोक्यात बसवा

१३ जानेवारी १९६९ रोजी लंडनमधल्या फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात या बँडची पहिली तालीम झाली. शेवटची मैफल ८ डिसेंबर २०२१ रोजी टोकियोत झाली. या काळात वीसहून अधिक वादक आले आणि गेले. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत टिकला तो एकच, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप. डॉर्सेटमधल्या विम्बॉर्नचा हा माणूस रंगमंचावर स्टुलावर बसून वाजवतो, गात नाही आणि गाण्यांचे शब्दही लिहीत नाही.

त्यामुळे गाणारा आवाज दर काही वर्षांनी बदलतो: ग्रेग लेक, गॉर्डन हास्केल, बॉझ बरेल, जॉन वेटन, एड्रियन बेल्यू आणि शेवटी जॅको जॅक्झिक. रॉक ऐकताना आपण बँड गायकाच्या आवाजावरून ओळखतो. इथे ती सवय बाजूला ठेवावी लागते. कान फ्रिपच्या गिटारवर आणि ड्रमवाल्यावर ठेवा, म्हणजे वाट चुकत नाही.

ढोबळ कालखंड असे: १९६९ ते १९७२, मग १९७२ ते १९७४, मग १९८१ ते १९८४, मग १९९४ ते २००८ आणि शेवटी २०१४ ते २०२१. मधल्या रिकाम्या जागा महत्त्वाच्या आहेत. आपण काय वाजवतो हे बँडला पुरतं ठाऊक झालं की फ्रिप दुकान बंद करतो आणि सांगण्यासारखं नवं काही सापडलं की पुन्हा उघडतो. १९८१चा बँड मैफलीत जुन्या साठ्यातलं जवळजवळ काहीच वाजवत नसे. सत्तरच्या दशकातल्या दोन वाद्यरचना तेवढ्या घेत. लोकांना आवडलेली गाणी आयुष्यभर वाजवत बसण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता, आणि तो त्यांनी घेतला नाही. मला या बँडबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो यासाठी.

पायरी २: ऐकण्याची तयारी

स्टुडिओत केलेले अल्बम एकूण १३ आहेत, पहिला १९६९चा आणि शेवटचा २००३चा. २०१९पासून ते स्ट्रीमिंगवर सहज मिळतात, पण एकेका अल्बमच्या तीन-तीन आवृत्त्या दिसतात आणि त्यांत पर्यायी टेक, तालमी, मैफली असं बरंच काही जोडलेलं असतं. पहिल्यांदा ऐकताना मूळ गाणी संपली की थांबा. पहिल्या अल्बमवर ५ गाणी आहेत, ‘रेड’वर ५, ‘डिसिप्लिन’वर ७. त्यापुढचं सगळं नंतरसाठी.

२००९पासून स्टीव्हन विल्सनने फ्रिपच्या सोबतीने जुन्या अल्बमचं नवं मिश्रण (मिक्स) केलं. त्यात वाद्यं जास्त सुटी ऐकू येतात. नव्या माणसाने तेच घ्यायला हरकत नाही.

शफल बंद ठेवा. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. बास आणि अगदी हळू वाजणारे भाग त्यात नाहीसेच होतात. आणि आवाज एकदा ठरवला की त्याला हात लावू नका. हा बँड कुजबुजतो आणि लगेच गर्जतो. कुजबूज ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की पुढच्या मिनिटाला कान बसतात.

तबल्याच्या संगतीची सवय असेल तर एक मोठी सोय तुमच्या हातात आहे. मात्रा मोजा. पाश्चात्त्य रॉक बहुतेक चारांत चालतं. इथे पाच, सात, दहा, तेरा असे आकडे सतत येतात. ज्याने रूपक आणि झपताल बोटांवर मोजले आहेत त्याला हे अंगावर येत नाही.

पायरी ३: ‘रेड’, १९७४

सुरुवात मधून करायची, कारण इथून मागेही दिसतं आणि पुढेही.

१९७४च्या उन्हाळ्यात बँडमध्ये तिघेच उरले होते: फ्रिप, बास वाजवणारा आणि गाणारा जॉन वेटन, आणि ड्रमवर बिल ब्रुफर्ड. व्हायोलिन वाजवणारा डेव्हिड क्रॉस अमेरिकेचा दौरा संपताच बाहेर पडला होता. दौऱ्यातली शेवटची मैफल १ जुलैला न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये झाली. त्यानंतर तिघांनी स्टुडिओत जाऊन चाळीस मिनिटांचा हा अल्बम केला. तो ऑक्टोबरमध्ये दुकानात आला, तेव्हा फ्रिपने बँड मोडल्याला काही दिवस झाले होते.

पहिली रचना ‘रेड’ शब्दांशिवाय आहे. मेटल ऐकणाऱ्याला ती लगेच आपली वाटेल: जाड, कोरडी, वर चढत जाणारी गिटार, आणि मेटलसारखी फुशारकी मात्र कुठेच नाही. ‘फॉलन एंजल’ आणि ‘वन मोअर रेड नाइटमेअर’ ही गाणी सहज पोचतात. दुसऱ्यात ब्रुफर्डची फुटक्या पत्र्यासारखी वाजणारी झांज मुद्दाम ऐका. चौथी ‘प्रॉव्हिडन्स’ त्याच नावाच्या अमेरिकन शहरातल्या मैफलीत, सेंट्रल पार्कच्या आदल्या रात्री, जागच्या जागी सुचत गेलेली आहे. ती पहिल्यांदा जड गेली तर सोडून द्या, सहाव्या पायरीनंतर परत या.

आता ‘स्टारलेस’. ही बारा मिनिटं मोकळी काढा, दुसरं काही करत बसू नका. पहिली चारेक मिनिटं संथ, दुःखी गाणं आहे. मागे मेलोट्रॉन या वाद्याचे (त्याबद्दल पुढच्या पायरीवर) तंतुवाद्यांसारखे सूर, पुढे वेटनचा भरदार आवाज. मग गाणं थांबतं आणि बास १३ मात्रांचं एक आवर्तन धरतो. बोटांवर मोजा. त्यावर फ्रिप एकच स्वर वाजवत राहतो, मग थोडा वरचा, मग आणखी वरचा. ताना नाहीत, करामत नाही. ब्रुफर्ड आधी इकडेतिकडे टकटक करतो आणि हळूहळू पूर्ण ड्रमवर येतो. ताण असह्य होईपर्यंत वाढवला जातो, मग तो फुटतो, लय दुपटीने धावू लागते, सॅक्सोफोन येतात, आणि अगदी शेवटी सुरुवातीची ती दुःखी चाल सगळ्या वाद्यांच्या ताकदीनिशी परत येते. रॉकमध्ये लांब रचना पुष्कळ आहेत. पण प्रत्येक मिनिटाची गरज असलेली अशी दुसरी मला माहीत नाही.

गंमत अशी की ही चाल वेटनने आधीच्या अल्बमसाठी आणली होती आणि तेव्हा फ्रिप आणि ब्रुफर्ड दोघांनाही ती फारशी रुचली नव्हती. मैफलींमधून ती घडत गेली. या रेकॉर्डिंगवर सॅक्सोफोन वाजवायला इयन मॅकडोनाल्ड आणि मेल कॉलिन्स हे बँडचे जुने सोबती आले होते. मॅकडोनाल्ड कोण, ते पुढच्या पायरीवर कळेल.

पायरी ४: मागे, १९६९कडे

‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ १० ऑक्टोबर १९६९ला प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन महिने, ५ जुलैला, हा बँड लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजवून गेला होता. गर्दीचा अंदाज अडीच ते पाच लाख असा दिला जातो. तोवर त्यांचा एकही अल्बम आला नव्हता. पहिल्या तालमीला सहा महिनेही झाले नव्हते.

या बँडचं हृदय इयन मॅकडोनाल्ड होता असं मला वाटतं. बासरी, सॅक्सोफोन, मेलोट्रॉन आणि चालींचा मोठा वाटा त्याचा. बास आणि गायन ग्रेग लेकचं, ड्रम मायकेल जाइल्सचे. पीटर सिनफील्ड काहीच वाजवत नसे, तो गाण्यांचे शब्द लिहायचा आणि रंगमंचावरचे दिवे सांभाळायचा.

मेलोट्रॉन म्हणजे काय ते थोडक्यात. ते पेटीसारखं दिसणारं वाद्य आहे. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फीत असते, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा सूर भरलेला असतो. पट्टी दाबली की फीत सरकते आणि सूर वाजतो, पण आठेक सेकंदांत फीत संपते, मग पट्टी सोडून पुन्हा दाबावी लागते. त्यामुळे त्या सुरांत एक थरथर आणि धाप असते. ‘एपिटाफ’ ऐकताना ती जाणवेल.

पहिलं गाणं ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’. लेकचा आवाज मुद्दाम फाडलेला आहे. मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम एकत्र थांबतात आणि एकत्र सुटतात, इतके नेमके की पुन्हा मागे नेऊन ऐकावंसं वाटतं. २०१०मध्ये रॅपर कान्ये वेस्टने ‘पॉवर’ या गाण्यात याचाच तुकडा वापरला, म्हणून अनेकांना ते आधीच ओळखीचं असतं. त्याच्या पाठोपाठ ‘आय टॉक टू द विंड’ची बासरी येते आणि तुम्ही वेगळ्याच जगात जाता.

चौथं ‘मूनचाइल्ड’ बारा मिनिटांचं आहे. गाणं अडीचेक मिनिटांत संपतं, उरलेला सगळा वेळ तिघे अगदी हळू आवाजात काहीतरी शोधत राहतात. अनेक जण हे ओलांडून पुढे जातात. पहिल्या वेळी तुम्हीही जा, पण आवाज मात्र वाढवून ठेवू नका, कारण शीर्षकगीत एकदम पूर्ण ताकदीने सुरू होतं.

मुखपृष्ठावरचा किंचाळणारा चेहरा बॅरी गॉडबर या तरुणाने रंगवला. तो कंप्युटर प्रोग्रॅमर होता. अल्बम आल्यानंतर काही महिन्यांतच, १९७०च्या फेब्रुवारीत, तो वारला. अल्बमच्या वाट्याला आलेलं त्याचं हे एकच चित्र.

डिसेंबर १९६९मध्ये अमेरिकेच्या दौऱ्याच्या शेवटी मॅकडोनाल्ड आणि जाइल्स बाहेर पडले. पाठोपाठ लेकही गेला. ज्या बँडने हा अल्बम केला तो वर्षभरसुद्धा टिकला नाही.

पायरी ५: ‘डिसिप्लिन’, १९८१

इथे अनेक जुने रसिक हात वर करतात. नव्या श्रोत्याला मात्र हा अल्बम लवकर द्यावा, कारण ‘प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ज्यात हा बँड गणला जातो) म्हणजे मेलोट्रॉन आणि दुःख’ अशी गाठ मनात बसायच्या आत ती सोडवायला हवी.

१९७४नंतर फ्रिप संगीतातून जवळजवळ निघूनच गेला होता. इंग्लंडमधल्या शेरबोर्न हाउस इथल्या एका साधनाशाळेत त्याने काही महिने काढले. मग हळूहळू परतला. १९७७मध्ये डेव्हिड बोवीच्या ‘हीरोज’ गाण्यातली ती लांबवत नेलेली गिटार त्याचीच. नव्या बँडमध्ये त्याने ब्रुफर्डला परत बोलावलं आणि पहिल्यांदाच दोन अमेरिकन घेतले: गाणारा आणि गिटार वाजवणारा एड्रियन बेल्यू, आणि बासवर टोनी लेव्हिन. लेव्हिन स्टिक नावाचं वाद्यही वाजवतो. त्याला दहा तारा असतात आणि ते छेडत नाहीत, दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर टकटक करून वाजवतात.

या बँडचा सगळा डौल दोन गिटारींच्या गुंफणीत आहे. इंडोनेशियातल्या गॅमेलान वाद्यवृंदासारखी छोटी-छोटी आवर्तनं एकमेकांत अडकवलेली असतात. कोण पुढे आणि कोण साथीला, हा प्रश्नच उरत नाही. ‘फ्रेम बाय फ्रेम’ लावा. दोन्ही गिटारी एकच नक्षी वाजवतात, मग एक गिटार तिच्यातला एक स्वर गाळते. एकीची फेरी १४ची, दुसरीची १३ची. झिम्मा खेळताना दोघींपैकी एकीने दर फेरीला एक टाळी कमी वाजवावी, तशा त्या एकमेकींपासून सरकत जातात आणि पुरेशा फेऱ्यांनंतर नेमक्या एकत्र येतात. ते एकत्र येणं कानाने पकडता आलं की हा अख्खा कालखंड तुमचा झाला.

‘एलिफंट टॉक’मध्ये बेल्यूची गिटार खरोखर हत्तीसारखी ओरडते. ‘मात्ते कुदासाई’ हळुवार आहे, पाहुण्यांना ऐकवायला तेच योग्य. ‘थेला हुन गिंजीत’मध्ये मधूनमधून बोलणारा घाबरलेला आवाज बेल्यूचाच. गाण्यासाठी म्हणून तो टेपरेकॉर्डर घेऊन लंडनच्या रस्त्यावर फिरत होता, तेव्हा एका टोळक्याने त्याला घेरलं. स्टुडिओत परतून तो तावातावाने ते सांगत असताना फ्रिपने गुपचूप रेकॉर्डिंग सुरू करायला लावलं.

याच चौघांचे ‘बीट’ आणि ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ हे पुढचे दोन अल्बम कमी-अधिक आहेत. त्यांतली ‘न्युरोटिका’, ‘स्लीपलेस’ आणि दुसऱ्याचं शीर्षकगीत ऐकून पुढे चला.

पायरी ६: ‘लार्क्स टंग्ज इन अॅस्पिक’, १९७३

आता अवघड दार. १९७२मध्ये ब्रुफर्ड यशाच्या शिखरावर असलेला येस बँड सोडून इथे आला. येसचा ‘क्लोज टू द एज’ हा अल्बम नुकताच झाला होता, आणि त्याला जिथे काय घडेल हे आधी ठाऊक नसतं अशी जागा हवी होती. ती त्याला मिळाली, मुख्यतः जेमी म्युअरमुळे. म्युअर पत्रे, साखळ्या, घंट्या, खेळणी, हाताला येईल ते वाजवायचा. मैफलीत तोंडात नकली रक्ताच्या गोळ्या फोडायचा. अल्बम झाल्यावर तो बँड सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेला.

पहिली रचना तेरा मिनिटांहून लांब आहे आणि इतकी हळू सुरू होते की काही लागलंय की नाही अशी शंका येते. थांबा. व्हायोलिन आणि गिटार येईपर्यंत धीर धरा. ‘एक्झाइल्स’ सुंदर आहे आणि सोपं आहे, पहिल्यांदा तेच ऐकलं तरी चालेल. शेवटच्या रचनेत, म्हणजे शीर्षकरचनेच्या दुसऱ्या भागात, मात्रांच्या हिशेबाची पुन्हा मजा घ्या. तिची दहांची चाल झपतालासारखी विभागलेली नाही, तीन-तीन-दोन-दोन अशा धडकांची आहे.

पायरी ७: मैफली

हा बँड स्टुडिओत अर्धाच दिसतो. १९७४चा ‘स्टारलेस अँड बायबल ब्लॅक’ तर बहुतांशी मैफलींतल्या रेकॉर्डिंगमधून टाळ्या काढून बनवलेला आहे. त्यातल्या ‘ट्रायो’मध्ये ब्रुफर्डने हातात काठ्या असूनही एकदाही ड्रम वाजवला नाही, आणि त्या संयमाबद्दल रचनेच्या श्रेयात त्याचं नाव घातलं गेलं.

१९७३-७४साठी ‘द ग्रेट डिसीव्हर’ हा चार सीडींचा संच घ्या. एकच रचना दोन रात्री किती वेगळी होते ते कळेल. ऐंशीच्या दशकासाठी ‘अॅब्सेंट लव्हर्स’, मॉन्ट्रियलमध्ये जुलै १९८४मध्ये झालेली त्या बँडची अखेरची मैफल. माझ्या मते त्या चौघांचं सर्वोत्तम काम हेच.

२०१४नंतरचा बँड तर फक्त मैफलींचाच आहे, स्टुडिओत अल्बम त्याने केलाच नाही. तीन ड्रमवाले पुढच्या रांगेत, बाकीचे मागे उंच ओट्यावर. पॅट मॅस्टेलोटो, गॅव्हिन हॅरिसन आणि बिल रीफ्लिन यांनी तीन ड्रमचा गोंगाट होऊ दिला नाही, एकेक बोल वाटून घेतला. आणि इतकी वर्षं जुनं टाळणाऱ्या फ्रिपने इथे १९६९पासूनचं सगळं उघडलं. मेल कॉलिन्स चार दशकांनी परत आला. प्रेक्षकांनी फोटो काढायचे नाहीत असा नियम होता. शेवटी टोनी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा बाहेर काढला की मगच परवानगी. ‘लाइव्ह इन टोरंटो’ ऐका, आणि ‘मेल्टडाउन’ या मेक्सिकोतल्या मैफलींचं चित्रीकरणही बघा, कारण तीन ड्रमची वाटणी डोळ्यांनी पाहिल्यावरच पटते.

पायरी ८: उरलेलं

१९९५चा ‘थ्रॅक’ सहा जणांचा आहे: दोन गिटार, दोन बास, दोन ड्रम. शीर्षकरचना, ‘डायनॉसॉर’ आणि ‘वन टाइम’ एवढं नक्की ऐका. २००३चा ‘द पॉवर टू बिलीव्ह’ जड आणि बांधीव आहे, टूल हा मेटल बँड आवडणाऱ्यांनी तो तिसऱ्या पायरीनंतर लगेच घेतला तरी चालेल.

१९७० ते १९७१चे तीन अल्बम मी शेवटी ठेवले आहेत. ‘इन द वेक ऑफ पोसायडन’ पहिल्या अल्बमची सावली वाटतो. ‘लिझर्ड’मध्ये कीथ टिपेटचा जॅझ पियानो आहे आणि एका भागात येसचा जॉन अँडरसन गायला आहे. पहिल्यांदा तो गचाळ वाटू शकतो, पाचव्यांदा नाही. ‘आयलंड्स’ शांत आहे. त्यात बास वाजवणाऱ्या बॉझ बरेलला ते वाद्य फ्रिपनेच शिकवलं होतं.

त्यानंतर माणसांच्या मागे जा. लेकसाठी एमर्सन, लेक अँड पामर, ब्रुफर्डसाठी येसचा ‘क्लोज टू द एज’, वेटन आणि ब्रुफर्ड एकत्र हवे असतील तर १९७८चा यूके हा बँड. मॅकडोनाल्ड फॉरेनरच्या संस्थापकांपैकी एक होता आणि बरेल बॅड कंपनीत गेला, त्यामुळे त्या दोघांना कदाचित तुम्ही रेडिओवर आधीच ऐकलं असेल. यांपैकी आधी यूके लावा. ‘रेड’ आवडला असेल तर त्याच्या सर्वांत जवळचं तेच आहे.